मारव्याचा रिषभ आणि दाटलेला गळा

प्रश्न: मी बरीच वर्षं ख्यालगायन शिकतेय. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, ‘तयारी चांगली आहे, भाव कमी पडतो.’ म्हणून पुढच्या कार्यक्रमात मारवा राग गाताना मी मुद्दाम आजीच्या आजारपणाचे दिवस आठवले. गळा दाटून आला, रिषभ (‘रे’ स्वर) हलला आणि विलंबितात, म्हणजे संथ लयीत, सम (तालाची पहिली मात्रा) हुकली. लक्ष सांभाळलं की गाणं कोरडं होतं, भाव आणायला गेलं की लक्ष जातं. दोन्ही एकदम कसं साधायचं?

उत्तर: आधी त्या शेऱ्याबद्दल बोलू. ‘तयारी आहे, भाव नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा माझ्याही जिभेवर ते येतं, कारण ते म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. पण ज्या गाण्याला हा शेरा मिळतो ते नीट ऐका. आलाप पुरता फुलायच्या आत ताना सुरू झालेल्या असतात. सगळे स्वर एकाच वजनाचे लागतात. श्वास संपला म्हणून मध्येच ओळ तुटते, ती कुठे तुटावी हे ठरवलेलं नसतं. मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर आणणारी ओळ, तालाच्या दर आवर्तनाला त्याच जोरात समेवर येऊन आदळतो. आणि दोन जागांच्या मध्ये मोकळं काही नसतं, त्यामुळे आत्ता काय झालं हे ऐकणाऱ्याच्या मनात उतरायला वेळच मिळत नाही. गायकाच्या मनात भावना नव्हती म्हणून यातलं काहीच घडत नाही. तेव्हा पुन्हा असा शेरा मिळाला तर नम्रपणे विचारा, ‘कुठे कमी वाटला?’ जाणकार परीक्षक असतील तर जागा दाखवतील. जागा दाखवता आली नाही, तर तो शेरा फार मनावर घेऊ नका.

आता आजीच्या आठवणीकडे येते. तुम्ही जे केलं ते पुष्कळ जण करतात आणि त्यांचंही असंच होतं, याला शरीराचं कारण आहे. रडू येऊ लागलं की शरीर जास्त हवा आत घ्यायच्या तयारीला लागतं आणि घशातली फट उघडी ठेवू पाहतं. आपण आवंढा गिळायला जातो तेव्हा ती मिटावी लागते. या ओढाताणीलाच आपण गळा दाटणं म्हणतो. गाताना नेमकं उलटं हवं असतं. स्वरतंतू हलकेच पण नीट मिटायला हवेत आणि श्वास लांब, एकसारखा सुटायला हवा. म्हणजे रडण्याची यंत्रणा आणि गाण्याची यंत्रणा एकाच गळ्यावर हक्क सांगत होत्या आणि तुमचा रिषभ त्या भांडणात हलला. लक्ष कमी पडल्याचा दोष स्वतःला देऊ नका. ते भलत्या ठिकाणी होतं, इतकंच.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, कंप, अश्रू ही त्यांतली ओळखीची नावं. त्यांतच एक आहे स्वरभेद, म्हणजे आवाज फुटणं, बदलणं. नटाला ते दाखवायचं असतं, ख्यालियाला टाळायचं असतं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच प्रकरणात येते. जो स्वतः दुःखी नाही त्याने दुःख कसं दाखवायचं, असा प्रश्न तिथे उभा केलाय आणि उत्तर असं की सत्त्व मनातून उपजतं आणि मन समाहित झालं, एकाग्र झालं, तरच ते सिद्ध होतं. तुम्ही लक्ष आणि भाव या दोन गोष्टी एकमेकींच्या समोर उभ्या केल्यात. आपल्या परंपरेतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध नाट्यग्रंथाने मात्र एकीला दुसरीचं कारण मानलंय. मी पोथीनिष्ठ बाई नाही, पण हे मला मंचावर बसून बसून पटलंय.

मग लक्ष ठेवायचं कशावर? तुम्ही मारवा घेतला होता, त्याचंच बघू.

मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, बाकी शुद्ध, पंचम वर्ज्य. तरी तिन्हींचा स्वभाव वेगळा. पूरियात वजन गंधार आणि निषादावर असतं, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रमावंसं वाटतं, आणि राग गंभीर होतो. सोहनी सगळी वरच्या अंगाला, तार षड्जाच्या आसपास खेळते, म्हणून ती चंचल, चमकदार लागते. मारव्यात रिषभ आणि धैवत पुढे येतात आणि षड्ज लांब ठेवला जातो. तिन्ही रागांच्या गायकांनी मनात वेगवेगळ्या आठवणी काढल्या म्हणून काही हा फरक पडलेला नाही. कुठे थांबायचं, किती थांबायचं आणि कुठे जायचं टाळायचं, यातून तो पडतो.

मारव्याची जी हुरहूर म्हणतात ती कशी तयार होते बघा. तानपुऱ्यातून षड्ज सतत झरत असतो. त्याला अगदी लागून कोमल रिषभ. तुम्ही रिषभावर उभ्या राहता तेव्हा दोन जवळचे नाद एकमेकांना घासतात आणि ऐकणाऱ्याच्या कानाला वाटतं, आता ही षड्जावर उतरेल. तुम्ही उतरत नाही. गंधाराला जाता, मध्यमाला जाता, धैवतावर थांबता, परत रिषभावर येता. घर डोळ्यांसमोर आणि पाऊल उंबऱ्याबाहेर. शेवटी कधीतरी षड्ज लागतो तोही निसटता. ही ओढ रागाच्या रचनेतच भरलेली आहे. तिला तुमच्या आजीची मदत लागत नाही. तुमच्याकडून तिला एवढंच हवं की रिषभ जिथे आहे तिथे स्थिर राहावा आणि तुम्ही घाईने षड्जावर पळू नये.

आणि इथेच बहुतेक जण पळतात. रिषभावर थांबणं गायकालाही अस्वस्थ करतं, म्हणून गळा नकळत षड्जाकडे सरकतो, रिषभ उतरतो, किंवा त्याला आधार म्हणून आंदोलन, म्हणजे संथ झोका, दिलं जातं. आंदोलन भैरवाच्या रिषभाचं, मारव्याचं नव्हे. भैरवात तो झुलतो, मारव्यात सरळ उभा राहतो. तुमचं सगळं लक्ष एवढ्या एका गोष्टीवर राहिलं, की हा रिषभ तानपुऱ्याच्या षड्जाला घासतोय ते घासणं मला ऐकू येतंय का, तर समोरच्याला ‘भाव’ पोचतो. त्या क्षणी तुम्हाला स्वतःला दुःख होत असेल किंवा नसेल. माझ्या अनुभवात बहुतेकदा नसतं. एक टवटवीत, जागी अशी अवस्था असते, फार तर तिला आनंद म्हणता येईल. आपल्या शास्त्रकारांनी रसाची चर्चा करताना रसिकाला, सहृदयाला इतकं महत्त्व दिलं ते उगाच नाही. अनुभव त्याला यायचा असतो.

सम हुकण्याचं आता. विलंबित एकतालात (बारा मात्रांचा ताल), विशेषतः किराणा घराण्याच्या पद्धतीच्या अतिविलंबितात, एक आवर्तन पाऊण मिनिटही चालतं. एवढ्या वेळात बोटांवर मात्रा मोजत बसलं तर गाणं होत नाही आणि मोजणं सोडून भावात बुडालं तर सम जाते. यावर जुना उपाय आहे, ठेका, म्हणजे तबल्यावर फिरणारे तालाचे ठरलेले बोल, ऐका. एकतालाच्या ठेक्यात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. पहिला तिरकिट चौथ्या मात्रेला, दुसरा दहाव्या. दुसरा तिरकिट कानावर पडला की समेला दोनच मात्रा उरल्या, मुखड्याची तयारी हवी. हे कानात इतकं मुरलेलं असावं की तिरकिट ऐकून आवाज आपोआप मुखड्याकडे वळावा. अर्थात पहिल्याआधीचं ‘धिं धिं’ आणि दुसऱ्याआधीचं ‘क त्ता’ यांच्यातला फरकही ऐकू यायला हवा, नाहीतर पहिला तिरकिट कोणता आणि दुसरा कोणता यातच गोंधळ होतो. तबलजींशी आधी बोलून घ्या. ठेक्यात फार भरणा करणारे साथीदार असतात. त्यांना सांगायला संकोच करू नका की विलंबितात ठेका मोकळा, स्वच्छ ठेवा. चांगल्या तबलजीला यात अपमान वाटत नाही.

मुद्दाम सांगते, हे लक्ष बाहेरच्या आवाजाकडे आहे, स्वतःच्या गळ्याकडे नाही. 2011 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी संगीताच्या विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. कीबोर्डवर एक लहानसा तुकडा वाजवायचा, लक्ष कधी बोटांकडे ठेवायचं, कधी पट्ट्यांकडे, कधी पियानोच्या आतल्या हातोड्यांकडे, कधी निघणाऱ्या आवाजाकडे. लक्ष बोटांपासून लांब, परिणामाकडे असताना वाजवणं जास्त नेमकं झालं. प्रयोग लहान आहे आणि कीबोर्ड म्हणजे गळा नव्हे, त्यामुळे मी त्यावर इमला रचणार नाही. पण गुरू लोक ‘गळ्याचा विचार करू नकोस, सूर ऐक’ असं पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, त्याच्याशी हे जुळतं. जबडा सैल आहे का, जीभ कुठे आहे, श्वास पोटातून येतोय का, हे सगळं रियाजात तपासायचं. मंचावर ते तपासायला गेलात की गाणं तिथेच अडखळतं.

तानपुऱ्यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण एकाग्रतेची सुरुवात तिथून होते असं माझं ठाम मत आहे. किशोरी आमोणकर तानपुरे मिळवायला किती वेळ घेत आणि सभागृहातल्या गडबडीवर कशा चिडत, याचे किस्से लोक चवीने सांगतात. त्याला लहर म्हणणारेही पुष्कळ होते. मला त्यात लहर दिसत नाही. ज्या बाई रागाच्या भावाला स्वतंत्र सिद्धान्त मानून त्यावर ग्रंथ लिहितात, त्यांच्या दृष्टीने अर्धवट लागलेल्या जोडावर, म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांवर, गाणं म्हणजे रागाचा पायाच काढून घेणं. जवारी (घोडीवरून उठणारी तारेची झंकार) खुली आहे का, दोरा नेमक्या जागी सरकलाय का, जोडीच्या तारा एकजीव होतायत का, हे ऐकत बसलं की दहा-पंधरा मिनिटांत बाहेरचा गोंगाट, कपड्यांची काळजी, पहिल्या रांगेत कोण बसलंय हे सगळं मागे पडतं. मिरजेच्या तानपुऱ्यांची जी ख्याती आहे ती या एका कामासाठी आहे. मोबाइलमधला तानपुरा प्रवासात, रियाजात उपयोगी, माझ्याकडेही आहे. पण तो लावावा लागत नाही, आणि त्यामुळे लावताना जे मन लागतं तेही लागत नाही. मंचावर निदान एक खरा तानपुरा ठेवा आणि तो स्वतः लावा.

हावभावांचं थोडक्यात सांगते. भीमसेन जोशी गाताना हात, चेहरा, सगळं अंग कामाला लावत. ते आवाजाच्या मागोमाग यायचं. त्यांचे हात उचलून आपल्या गाण्याला जोडणारे तरुण मी ऐकलेत. त्यात हात तानेच्या आधी पोचतात. चेहऱ्यावर दुःख आणण्याचा विचार सोडून द्या, एवढंच.

शब्दांचा प्रश्न वेगळा आहे. ख्यालात शब्द ताणला जातो, अकारात विरघळतो, तिथे अर्थ पोचवण्याचा भार स्वरावर असतो. नाट्यपद किंवा अभंग गाताना मात्र व्यंजनं खाऊन चालत नाही. भीमसेनजींनीच गायलेला, राम फाटकांनी चाल दिलेला नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ आठवा. त्यात एकच नाव किती वेळा येतं! प्रत्येक वेळी गायकाने त्यावर गदगदून जायचं ठरवलं तर दुसऱ्या ओळीत ऐकणारा कंटाळेल. नाव तेच राहतं, त्याचं वजन, त्याची लयीतली जागा हलते. हे कळायला तो अभंग नुसता ऐकू नका, ‘विठ्ठल’ दर वेळी मात्रेच्या नेमक्या कुठे पडतोय ते बोटाने टेबलावर वाजवून बघा.

थांबण्याबद्दल कुमार गंधर्वांइतकं मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही, आणि तेही ध्वनिमुद्रणांमधूनच. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं. परत आले तेव्हा लांब दमसासाची गायकी शक्य नव्हती. छोट्या छोट्या फेकी, मध्ये शांतता, मग अचानक टोकदार तार स्वर. शरीराची मर्यादा होती हे खरं, पण नुसत्या मर्यादेतून असं गाणं तयार होत नाही. त्या शांततेच्या वेळी ते लयीतून बाहेर पडत नाहीत, आतून ठेका चालूच असतो, म्हणून पुढचा स्वर नेमका येतो. तुमच्याकडे दोन्ही फुप्फुसं आहेत, तरी सगळा वेळ भरून काढायची गरज नाही. श्वास पुरतोय म्हणून ओळ लांबवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हा प्रश्न तुमच्या प्रश्नाच्या पोटात आहेच: एखाद्या दिवशी खरोखरच दुःख असेल तर? मराठी रंगभूमीवर याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च 1911, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. लोक ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. मला त्यात कलेच्या दृष्टीने दुसरंच दिसतं. भामिनी ही श्रीमंत घरातली, मानी मुलगी, गरीब धैर्यधराला नाक मुरडणारी. बापाच्या दुःखाला त्या भूमिकेत जागाच नव्हती. त्या संध्याकाळी जर ते स्वतःची भावना ‘व्यक्त’ करायला गेले असते तर भामिनी उभीच राहिली नसती. समोर जे पद होतं, जो प्रसंग होता, त्यावर लक्ष ठेवूनच ते पार पडलं असणार. तरीही माझ्या एखाद्या शिष्येवर अशी वेळ आली तर मी तिला कार्यक्रम रद्द करायला सांगेन. रसिक समजून घेतात.

आता रियाजात काय करायचं. एका वेळी एकच राग धरा, आणि तो महिनोनमहिने. हल्ली स्पर्धांमुळे मुलींना वीस-पंचवीस राग ‘येतात’ आणि त्यातला एकही ओळखीचा नसतो. मारव्यात रोज थोडा वेळ फक्त मंद्र निषाद, रिषभ, गंधार एवढ्यातच आलाप करा, षड्जावर न उतरता. सुरुवातीला पाच मिनिटांत विषय संपल्यासारखं वाटेल. तिथून पुढे खरा रियाज सुरू होतो, कारण आता नवीन स्वर मिळणार नाही, आहे त्याच स्वराचा लगाव बदलावा लागेल: कधी कण (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) घेऊन, कधी गंधारावरून मींडेने, म्हणजे अखंड घसरत, कधी आवाज अर्धा करून, कधी नुसता सरळ. कंटाळा आला की लक्ष निघून जातं, ते ज्या क्षणी गेलं तो क्षण पकडा आणि पुन्हा तानपुऱ्यावर आणा. स्वतःवर रागावू नका. लक्ष जाणारच, त्याला परत आणायची सवय लागली की झालं. मंचावर कुणी मोबाइल उचलून बोलायला लागतो तेव्हा हीच सवय उपयोगी पडते.

गाणं ध्वनिमुद्रित करत असाल तर त्याच दिवशी ऐकू नका. गाताना मनात जे होतं तेच मग ऐकू येतं. दोन-तीन दिवसांनी ऐका आणि शांतता कुठे आहे तेवढंच लिहून काढा. स्वराचे दोष गुरुजी सांगतीलच.

अधूनमधून घरी चार माणसं बसवून गा, आणि त्यांतला एक तरी संगीत न कळणारा असू द्या. जाणकार माणूस रागाच्या नियमांसाठी माफ करतो किंवा पकडतो. न कळणाऱ्याचा चेहरा सांगतो की ओढ तयार झाली की नाही. पण गाताना त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, नंतर विचारा.

पुढचा कार्यक्रम असेल तेव्हा मारवाच घ्या. तो टाळलात तर त्याची भीती बसेल. वेळ सूर्यास्ताची मिळते का बघा. संयोजकाने आठ वाजता बसवलं तर दुसरा राग तयार ठेवा, मारवा त्या वेळेला अंगावर येत नाही असं माझं मत आहे, कुणाचं वेगळं असू शकेल. पंचमाची तार धैवताला लावायची की निषादाला, हे गुरुजींशी बोलून आदल्या दिवशी ठरवा आणि त्याच मेळावर घरी एकदा पूर्ण बडा ख्याल म्हणून बघा. पहिल्या दोन आवर्तनांत काहीही दाखवायला जाऊ नका, रिषभ लावा आणि दुसऱ्या तिरकिटाची वाट बघा.